सिव्हिलायझेशन ५ मध्ये भारत: चार शहरं पुरे की पाचवं हवंच?

शेतसारा:
सिव्हिलायझेशन ५ या संगणक-खेळाचा ब्रेव्ह न्यू वर्ल्ड (२०१३) हा विस्तार आणि स्टँडर्ड आकाराचा नकाशा धरून बोलतोय. कुणावर चढाई न करता, मोठी शहरं वाढवून जिंकायचं असेल तर भारत घ्यावा, ट्रॅडिशन हा धोरणांचा गट पूर्ण करावा आणि चार शहरांवर थांबावं. बाकीच्या संस्कृतींना शहरामागे ३ आणि नागरिकामागे १ नाराजी. भारताला शहरामागे ६, पण नागरिकामागे अर्धीच. म्हणजे शहर ६ वस्तीचं होईपर्यंत भारत तोट्यात, ६ ला बरोबरी, पुढे निव्वळ फायदा. चार शहरांत मिळून २० वस्ती असेल तर इतरांची नाराजी ३२, भारताची ३४. तीच वस्ती ६० झाली की इतरांची ७२ आणि भारताची ५४. वाचलेल्या १८ नाराजीत आणखी ३६ माणसं बसतात!

खरी अडचण पहिल्या टप्प्यात येते. नवी लक्झरी (चैनीची वस्तू) ४ हॅपिनेस देते, म्हणजे तेवढी नाराजी भरून काढते. इतरांचं नवं शहर ३ अधिक १, म्हणजे एका लक्झरीत फिटतं. भारताला साडेसहा लागतात. म्हणून तीन सेटलर (नवं शहर वसवणाऱ्या तुकड्या) एका दमात काढू नका. एक शहर वसवा, तिथली लक्झरी वर्करकडून जोडून घ्या, मग पुढचं. हॅपिनेस शून्याखाली गेला की सगळ्या शहरांची वाढ चौथ्या हिश्श्यावर येते, आणि वाढ हाच तर आपला सगळा खेळ आहे.

घोडेस्वार:
आकडे मान्य, निष्कर्ष अमान्य. प्रत्येक नव्या शहरामागे संशोधनाचा खर्च ५ टक्के चढतो, याची लोक उगाच धास्ती घेतात. पाच शहरं सारखी वाढली तर पाचवं शहर चार शहरांच्या विज्ञानात २५ टक्के भर घालतं. ५ देऊन २५ मिळत असतील तर नाही कशाला म्हणायचं? शिवाय मोकळी सोडलेली चांगली जागा मोकळी राहत नाही, शेजारी तिथे येऊन बसतो आणि मग सरहद्दीवरून कुरबुर सुरू होते. शांतता हवी तर जमीन आधी धरा. लिबर्टी या दुसऱ्या धोरणगटात फुकट सेटलर आहे, आणि त्यातलीच मेरिटॉक्रसी घेतली की राजधानीला जोडलेल्या प्रत्येक शहरामागे १ हॅपिनेस.

शेतसारा:
"सारखी वाढली तर" याच शब्दांवर सगळं अडलंय. उशिरा वसलेलं शहर सारखं वाढत नाही. राजधानी १५ वर असताना ते ३ वर रांगत असतं, आणि ५ टक्के मात्र पहिल्या दिवसापासून भरावे लागतात. मेरिटॉक्रसीचा १ हॅपिनेस भारताच्या ६ पुढे कुठे पुरणार? लिबर्टी इतर कुणासोबत खेळा, चांगलीच आहे.

कालवा:
शहरं किती यावर भांडताय, पण ती वाढवायची कशी यावर कुणीच बोलत नाहीये. वस्ती १० वरून ११ व्हायला १२१ अन्न लागतं, २० वरून २१ व्हायला ३२९. अ‍ॅक्वेडक्ट (पाणी आणणारी इमारत) असेल तर वाढ झाल्यावर ४० टक्के अन्न शिल्लक राहतं, म्हणजे विसाव्या पायरीवर सुमारे १३० चा हात मिळतो. ट्रॅडिशन पूर्ण केल्यावर पहिल्या चार शहरांना तो फुकट मिळतो, म्हणून ती सहाही धोरणं आधी संपवा, मध्येच दुसरीकडे वळू नका. ट्रॅडिशन पूर्ण केल्यावर मिळणारी वाढीची १५ टक्के जोड फक्त नागरिकांनी खाऊन उरलेल्या अन्नावर लागते, हे विसरू नका. शहर जेमतेम पोटापुरतं पिकवत असेल तर १५ टक्क्यांचं शून्यच होतं.

अन्नाचे ट्रेड रूट राजधानीकडे वळवा. ज्या शहरातून पाठवायचंय तिथे ग्रॅनरी (धान्यकोठार) हवी. समुद्रमार्गाने खुष्कीच्या दुप्पट अन्न येतं, त्यामुळे किमान दोन शहरं किनाऱ्यावर असावीत. सिव्हिल सर्व्हिस हे तंत्रज्ञान लवकर घ्या, नदीकाठच्या शेतांना १ अन्न वाढतं.

आणि शहराच्या पडद्यावर जाऊन फोकस प्रॉडक्शनवर ठेवा, अन्नाच्या टाइल (नकाशावरची घरं) मात्र हाताने लॉक करा. नवा नागरिक जन्मला की खेळ त्याला फोकसप्रमाणे हॅमरच्या, म्हणजे उत्पादनाच्या, टाइलवर बसवतो, आणि अन्नाचा हिशोब आधी झालेला असला तरी ते हॅमर त्याच टर्नमध्ये जमा होतात. पुढच्या टर्नला त्याला उचलून शेतावर लॉक करा. फोकस अन्नावर ठेवला तर दर वाढीला हे हॅमर हातचे जातात.

तटबंदी:
सगळं ठीक, पण सैन्य? शेजारी कॉम्प्युटर तुमचं सैन्य मोजत असतो. चार गलेलठ्ठ शहरं, दोन-तीन वंडर (जगप्रसिद्ध वास्तू) आणि एक वॉरिअर, हे उघड आमंत्रण आहे. कन्स्ट्रक्शन हे तंत्रज्ञान मिळालं की सरहद्दीवरच्या शहरात तट आणि दोन कॉम्पोझिट बोमन (धनुर्धारी तुकड्या). ऑलिगार्की ट्रॅडिशनमध्येच आहे: शहरात तैनात तुकडीला खर्च लागत नाही आणि त्या शहराचा मारा ५० टक्के वाढतो. भारतासाठी तट वाया जात नाही, पुढे त्यावरच मुघल फोर्ट ही भारताची खास इमारत बसते आणि २ कल्चर देते.

घोडेस्वार:
तटाबद्दल सहमत. पाचव्या शहराबद्दल अजूनही ठाम आहे, फक्त क्रम सांगतो. नॅशनल कॉलेज या विज्ञान वाढवणाऱ्या राष्ट्रीय इमारतीला प्रत्येक शहरात लायब्ररी लागते, म्हणून ते आधी उभं करा आणि मगच पाचवा सेटलर.

शेतसारा:
मग ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी या तशाच दुसऱ्या राष्ट्रीय इमारतीचं काय? तिला प्रत्येक शहरात साधी युनिव्हर्सिटी लागते. पाचव्या शहरात ती होईपर्यंत चारही मोठी शहरं ताटकळत बसणार.

घोडेस्वार:
युनिव्हर्सिटी सोन्याने विकत घ्या. जास्तीच्या लक्झरी शेजाऱ्यांना टर्नमागे सोनं घेऊन विका. रोख रक्कम हवी असेल तर आधी मैत्रीची घोषणा करावी लागते, आणि शांततेने खेळणाऱ्याला ती मिळवणं अवघड नसतं. नवं शहर वसलं की लायब्ररी त्याच टर्नला विकत, युनिव्हर्सिटी सोनं साठलं की लगेच. ऑक्सफर्ड फार तर थोडे टर्न मागे पडेल.