भाकर सोडू नका, पाय सांभाळा

दादा, बाबांची उपाशीपोटी शुगर २१० निघाली अन् त्यांनी भीतीनं भाकर-भात सगळंच सोडलं, हे वाचून राहवलं नाही. माझ्या आईनंही हेच केलं होतं. ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी घेऊन उपाशी वावरात गेलं की शुगर ७० च्या खाली उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी आली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. ज्वारीची भाकर चालते, पण मोजून. ज्वारीनं शुगर वाढतच नाही असं नाही. सोबत भाजी, वरण भरपूर.

अन् पाय! कापूस वेचणीच्या दिवसांत आईच्या तळव्यात पऱ्हाटीचं खुंट रुतलं, तिला कळलंच नाही. चार दिवसांनी जखम चिघळलेली दिसली. शुगरनं पायाच्या नसांची जाणीव कमी झालेली होती. बाबांना अनवाणी वावरात जाऊ देऊ नका. रोज रात्री तुम्हीच उजेडात तळवे, बोटांच्या बेचक्या पाहा.

डोळ्यांचा पडदाही आत्ताच तपासून घ्या, त्रास नसला तरी. शुगर प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. अन् कारल्याच्या रसापायी गोळी बंद करू नका, दादा.