13.41 डॉलरचा परतावा, पण कुठल्या प्रकल्पातून?

हिशेबनीस
अमेरिकेत गुरं विकली की पशुपालकाला जनावरामागे 1 डॉलर 'बीफ चेकऑफ'मध्ये, म्हणजे गोमांसाचा खप वाढवण्यासाठीच्या सामाईक निधीत, भरावाच लागतो. कायदा 1985चा. 1988च्या मतदानात 79 टक्के उत्पादकांनी कौल दिला आणि वर्गणी कायमची सक्तीची झाली. साधारण अर्धा डॉलर राज्याच्या बीफ कौन्सिलकडे राहतो, उरलेला केंद्रीय बीफ बोर्डाकडे जातो. त्यातून जाहिरात, संशोधन, निर्यातवाढ वगैरे. बोर्ड अधूनमधून या खर्चाचं मूल्यमापन करून घेतं. 2024चा अभ्यास कॉर्नेल विद्यापीठाच्या हॅरी कैसर यांचा: 2019 ते 2023 या काळात प्रत्येक डॉलरमागे 13.41 डॉलर परतावा. आधीच्या अभ्यासात तो 11.91 होता.

आकड्यावर माझा अविश्वास नाही. पण ही सगळ्याची मिळून सरासरी आहे. उद्या शंभर प्रकल्पांतले दहा बंद करायचे झाले तर कुठले, हे त्यातून कळत नाही. मग याला प्रकल्पांचं मूल्यमापन कसं म्हणायचं?

माळरान
असहमत. हे नुसतं 'आधी किती खप, नंतर किती' असं मोजलेलं नाही. चिकन-पोर्कचे भाव, लोकांचं उत्पन्न, लोकसंख्या हे सगळं मांडणीत धरून मग चेकऑफचा खर्च काढून टाकला तर मागणी किती घटली असती, ते बघतात. आणि मूळ प्रश्न विसरू नका. एकट्या पशुपालकानं बीफची जाहिरात केली तर खर्च त्याचा आणि फायदा सगळ्यांचा, म्हणून कुणीच करत नाही. सक्तीची वर्गणी त्यासाठीच आहे. ती एकूण परवडते का, हाच पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर मिळालंय.

तिरकस
परवडते, पण कुणाला? कुरणावर वासरं वाढवून विकणारा आणि कत्तलीआधी हजारो गुरं बांधून धान्यावर पोसणारा फीडलॉटवाला, दोघं जनावरामागे सारखाच डॉलर भरतात. आयातदारही तेवढाच. सरासरीत तिघं एकाच ओळीत. त्यात धष्टपुष्ट गुरांपैकी सुमारे 85 टक्के कत्तल चार कंपन्यांच्या हातात. दुकानात मागणी वाढली तर त्यातलं किती गोठ्यापर्यंत झिरपतं, ते वेगवेगळं दाखवा की!

हिशेबनीस
तिरकस, तेच. प्रकल्प मोजता येतात याचं उदाहरण याच वर्गणीतलं आहे. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तपासणीत दिसलं की पुठ्ठ्याच्या महागड्या मांसात इंजेक्शनच्या जखमांचे व्रण आहेत, अगदी पाचातल्या एखाद्या तुकड्यात. मग बीफ क्वालिटी अ‍ॅश्युरन्सच्या प्रशिक्षणात पशुपालकांना सांगितलं गेलं, सुई पुठ्ठ्यावर नको, मानेत टोचा. पुढच्या तपासण्यांत व्रण अगदी थोड्या टक्क्यांवर आले. आधीची स्थिती नोंदलेली, उपाय ठरलेला, नंतर तीच गोष्ट पुन्हा मोजलेली. याला मी मूल्यमापन म्हणतो. किती मेळावे घेतले, किती पत्रकं वाटली, हे नव्हे.

गव्हाण
सोपं उदाहरण निवडलंत. व्रण डोळ्यांना दिसतो हो! मूलभूत संशोधनाचं काय? नेब्रास्का आणि फ्लोरिडा विद्यापीठांनी चेकऑफच्या पैशातून जनावराचा एकेक स्नायू तपासला. सुरुवातीला तो कोरडा तक्ताच होता. त्यातूनच 'फ्लॅट आयर्न' स्टेक आला. खांद्यातला जो भाग आधी खिम्यात जायचा, तो स्टेकच्या भावात विकला जाऊ लागला. पहिल्या वर्षाअखेर 'गोठ्यात काय बदललं' म्हणून विचारलं असतं तर उत्तर शून्य. तुमच्या कसोटीनं हा प्रकल्प तिथेच बंद पडला असता.

मोजायला सोप्या कामांकडे पैसा वळतो हा धोका खरा आहे. ऑस्ट्रेलियात गवतावरच्या गुरांमागे दर जनावरी 5 ऑस्ट्रेलियन डॉलर घेतात. त्यातले 3.66 मार्केटिंगला, संशोधनाला फक्त 92 सेंट. तिथे सरकार संशोधनाच्या खर्चात तेवढीच भर घालतं म्हणून तरी निभावतं.

तिरकस
आणि परीक्षक नेमणार कोण? ज्याचा कारभार तपासायचा, तोच बोर्ड. सर्वात जास्त कंत्राटं एनसीबीए या पशुपालकांच्या राष्ट्रीय संघटनेला, जी स्वतंत्र पैशातून राजकीय लॉबिंगही करते. चेकऑफचे पैसे लॉबिंगला वापरायला कायद्यानं बंदी आहे, मान्य. पण 2010च्या तपासणीत काही खर्च चुकीच्या खात्यात टाकलेला निघाला आणि संस्थेला पैसे परत करावे लागले. हे परताव्याच्या आकड्यात कुठे दिसतं?

माळरान
ते हिशेब तपासणीत दिसतं, आणि दिसलंच ना? दोन वेगळी कामं आहेत. कैसर यांच्याकडे पावत्या मागू नका.

परीक्षक बाहेरून नेमा, माझी ना नाही. नावड असेल तर 10 टक्के उत्पादकांच्या सह्या आणून पुन्हा मतदान मागता येतं.

हिशेबनीस
सह्या गोळा करणं म्हणजे वर्गणी ठेवायची की मोडायची एवढाच प्रश्न. मधलं काही नाही. मला मधलंच हवंय. मंजुरीच्या वेळीच लिहून घ्या: काय बदलायला हवं, कधीपर्यंत, आणि काय दिसलं नाही तर पैसा थांबेल. गव्हाण यांच्या स्नायूंच्या तक्त्याला दहा वर्षं द्या, जाहिरातीला दोन.

गव्हाण
मुदत वेगवेगळी असेल तर पटतं. फक्त उद्दिष्ट अर्जदाराला लिहू देऊ नका. जो तो हात पुरेल एवढंच लिहील, आणि पाच वर्षांनी सगळे प्रकल्प यशस्वी.