क्लासिक ३५० (कार्बोरेटर): सायलेन्सर बदलल्यापासून उतारावर फटाके. मेन जेट बदलू का?

यवतेश्वर_उतार (सातारा)

गाडी २०१८ ची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, यूसीई इंजिन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात). बेंड पाइप कंपनीचाच आहे, फक्त मागचा सायलेन्सर काढून बाहेरचा फ्री-फ्लो बसवलाय, आत बॅफल (आवाज दाबणारा भाग) आहे. एअर फिल्टर आणि बॉक्स जसेच्या तसे.

यवतेश्वरचा घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला रेस सोडली की फाट-फाट सुरू. पोवई नाक्यावर गर्दीत थांबलं की स्लो (रेस न देता इंजिनाचा वेग) वरखाली होतो, कधी कधी रेस सोडल्यावर दोन-तीन सेकंद वरच लटकून राहतो. ५० च्या एकसारख्या वेगाला बारीक हिसके. पूर्ण रेसवर मात्र काहीच तक्रार नाही. गॅरेजवाले म्हणतात मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य मोजलेलं भोक) दोन नंबर मोठा टाकू आणि एअर बॉक्सही मोकळा करू. खरंच जेटचाच प्रश्न आहे का? घरी काय काय बघता येईल?

जुना_प्लग (कराड)

जेटला आत्ता हात लावू देऊ नका. मेन जेट बोलायला लागतो तो पाऊण रेसच्या पुढं, आणि तिथंच तुमची तक्रार नाही. तुमची सगळी लक्षणं बंद ते पाव रेसमधली आहेत, म्हणजे पायलट सर्किट (कमी रेसला पेट्रोल देणारी वाट), मिक्श्चर स्क्रू, फार तर सुईची (मधल्या रेसला पेट्रोल मोजणारी, स्लाइडला लटकणारी) सुरुवात. दोन नंबर मोठा मेन जेट टाकलात तर उतारावरचे फटाके तसेच राहतील आणि वर एव्हरेज जाईल.

आधी हवेची गळती शोधा. सायलेन्सर बदलल्यावर येणाऱ्या फटाक्यांचं हे पहिलं कारण, आणि नेमकं हेच कुणी बघत नाही. रेस सोडून उतरताना सिलिंडरमधला थोडा पेट्रोल न जळताच बाहेर पडतो. सांध्यातून ताजी हवा आत ओढली गेली की तो गरम पाइपमध्येच पेटतो. तुमच्या गाडीत दोन जागा संशयाच्या. एक, हेडपाशी बेंड पाइपचं पॅकिंग. सायलेन्सर उपसताना बेंड पाइप हलतो आणि एकदा दबलेली रिंग पुन्हा नीट बसत नाही. रिंग नवीनच घाला, जुनीवर सिलिकॉन फासू नका. दोन, बेंड पाइप सायलेन्सरमध्ये घुसतो तो सांधा. बाहेरच्या सायलेन्सरचं तोंड बऱ्याचदा एखादा मिलिमीटर मोठं असतं आणि क्लँप कितीही आवळला तरी फट राहते. तिथं उष्णता सोसणारी एक्झॉस्ट पेस्ट लावावी लागते.

तपासायचं असं: इंजिन थंड असताना दोन्ही सांध्यांवर साबणाचं पाणी मारा, गाडी चालू करा आणि जाड ओल्या फडक्यानं सायलेन्सरचं तोंड तीन-चार सेकंद दाबा. बुडबुडे दिसले की गळती सापडली. फडकं दाबल्यावर इंजिन गुदमरून बंद पडायला लागलं तर सांधे ठीक समजा. काहीजण अगरबत्तीचा धूर धरून बघतात. युक्ती चांगली आहे, पण कार्बोरेटर उघडलेला असताना ती नको.

बसवताना हेडपाशी असलेल्या फ्लँजचे नट आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळा. सायलेन्सरचा मागचा बोल्ट सगळ्यात शेवटी, नाहीतर पाइपावर ताण राहतो आणि महिन्याभरात सांधा पुन्हा सुटतो. एकदा गाडी पूर्ण तापवून पूर्ण गार झाल्यावर नट परत बघा, थोडे तरी फिरतातच.

गाडी बीएस ४ आहे, तेव्हा फिल्टर बॉक्समधून हेडकडं जाणारी एक हवेची नळीही असणार. एक्झॉस्टमध्ये मुद्दाम ताजी हवा सोडून उरलेला धूर जाळायची ती सोय. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये तो आवाज दबतो, मोकळ्यात ऐकू येतो. नळी चिमट्यानं दाबून एकदा घाट उतरून बघा. फटाके थांबले तर कारण कळलं. चिमटा मात्र लगेच काढा, ती कायमची बुजवणं म्हणजे पीयूसीला अडचण.

कृष्णाकाठ_गॅरेज (सांगली)

वरचं सगळं बरोबर. गळती नाही याची खात्री झाली की मगच स्क्रू, नाहीतर गळतीवर ट्यूनिंग करत बसशील भावा.

मिक्श्चर स्क्रू इंजिनकडच्या बाजूला आहे, म्हणजे तो पेट्रोलचा स्क्रू: बाहेर फिरवला की मिश्रण जाड (पेट्रोल जास्त), आत फिरवला की पातळ (पेट्रोल कमी). फिल्टरच्या बाजूला स्क्रू असलेल्या कार्बोरेटरात हे नेमकं उलटं असतं. यात गोंधळ झाला की माणूस दिवसभर उलट्या दिशेनं जातो. वर पितळी टोपी असेल तर ती बारीक ड्रिलनं जेमतेम पार करून पत्र्याचा स्क्रू अडकवून ओढायची. ड्रिल खोल गेला तर खालच्या स्क्रूचं डोकं गेलंच.

आधी स्क्रू हलक्या हातानं आत टेकेपर्यंत फिरव आणि फेरे मोजून लिहून ठेव. जोरानं आवळलास तर टोक सीटमध्ये रुतून भोक कायमचं मोठं होतं. मग दोन फेरे बाहेर. किमान दहा मिनिटं गाडी चालवून इंजिन गरम कर, स्लो थोडा चढव आणि पाव-पाव फेरा फिरवत जा. प्रत्येक वेळी दहा सेकंद थांब, सीव्ही कार्बोरेटर (यात स्लाइड केबलनं नाही, इंजिनाच्या ओढीनं उचलते) लगेच उत्तर देत नाही. स्लो सगळ्यात वर आणि सारखा लागेल ती जागा पकड, तिथून पाव फेरा बाहेर, मग स्लोच्या स्क्रूनं परत १००० ते ११०० आरपीएमवर आण. साडेतीन फेऱ्यांच्या पुढं जावं लागलं तर पायलट जेट लहान पडतोय किंवा अर्धा चोंदलाय. चोंदला असेल तर तार घालू नकोस, भोक ओरखडतं. स्प्रे आणि हवा पुरे.

जाड की पातळ हे चोकनं ओळख. ५० च्या वेगाला हिसके येत असताना चोक थोडा ओढ. गाडी सुधारली तर मिश्रण पातळ, आणखी बिघडली तर जाड.

अजून एक. ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मुळे जुनी कार्बोरेटर गाडी तशीही पातळच चालते. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला १ लागतं, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं आणि जेटचं भोक मात्र तेवढंच. सायलेन्सरनं उरलेली कसर भरली इतकंच.

एअर बॉक्स उघडू नकोस. या इंजिनाचा बोअर ७० आणि स्ट्रोक ९० मिमी, ताकद खालच्या आरपीएमला आहे. बॉक्स मोकळा केला की सीव्हीची पिस्टन-स्लाइड नीट उचलत नाही, मधेच खड्डा पडतो आणि तो जेटनं भरून निघत नाही. बॅफलही राहू दे.

यवतेश्वर_उतार

बेंड पाइप आणि सायलेन्सरच्या सांध्यावर बुडबुडे आले. पेस्ट आणि नवा क्लँप लावला, हेडची रिंगही बदलली. फटाके जवळजवळ गेले, एखाद-दुसरा येतो. स्क्रू अडीच फेऱ्यांवर आहे, स्लो आता लटकत नाही. ५० चे हिसके थोडे उरलेत आणि चोक ओढला की जातात. आता जेट?

कृष्णाकाठ_गॅरेज (सांगली)

एखाद-दुसऱ्या फटाक्याच्या मागं लागू नकोस, मोकळ्या सायलेन्सरला तो येणारच. हिसके पाव रेसच्या आसपास आहेत आणि चोकनं जातात, म्हणजे सुई. सुईला वर-खाली करायच्या खाचा नसतील तर तिच्या डोक्याखाली अर्धा मिमी जाडीचा, तीन एमएम भोकाचा वॉशर टाकायचा, एकच. सुई तेवढी वर उचलली जाते आणि पाव ते पाऊण रेस जाड होते.

वरचं झाकण खोलताना साधा फिलिप्स पेचकस वापरू नकोस. जपानी पद्धतीच्या स्क्रूंची डोकी त्यानं गोल होतात, जेआयएस बिट घे. रबरी डायफ्रॅम उजेडात धरून सुईएवढं भोक आहे का बघ, आणि त्यावर कार्ब क्लिनर मारू नकोस. रबर फुगलं की त्याची कड खाचेत बसत नाही आणि झाकणाखाली चिमटली जाते.

वॉशरनंतरही पूर्ण रेसला गाडी दमते असं वाटलं तरच मेन जेट. तिसऱ्या गिअरला चढावर पूर्ण रेस देऊन मूठ किंचित मागं घे. गाडीनं त्या क्षणी उलट जोर धरला तर मेन जेट लहान आहे. मग एकच पायरी, २.५ नं मोठा. बाजारातल्या स्वस्त जेटवर नंबर एक आणि भोक दुसरंच असतं, जुन्याशेजारी उजेडात धरून ताडून बघ.

जुना_प्लग (कराड)

ही चाचणी कासच्या रस्त्यावर करणार असाल तर फुलांच्या हंगामात नको, ऑगस्ट-सप्टेंबरात तिथं माणसांची रांग असते. शिवाय साताऱ्याहून पठारावर जाताना तुम्ही पाचशेच्या आसपास मीटर चढता, हवा पाचेक टक्के विरळ होते आणि मिश्रण आपोआप थोडं जाड होतं. वर बरोबर वाटलेलं खाली पातळ निघू शकतं. अंतिम सेटिंग गावातच करा.

एमएच_१०_एफआय (मिरज)

हे सगळं कार्बोरेटरचं. बीएस ६ गाडीवर असाच सायलेन्सर लावणाऱ्यांनी स्क्रू शोधत बसू नये. तिथं ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू (इंजिनाचा संगणक) साध्या वेगाला मिश्रण स्वतःच सावरतो. नुसता मागचा सायलेन्सर बदलला तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही. बेंड पाइपही बदलणार असाल तर नव्या पाइपावर सेन्सरची आटे पाडलेली जागा आहे का आणि तेच आटे आहेत का, हे पैसे देण्याआधी बघा. सेन्सर लोंबकळत ठेवला तर त्याला बाहेरची हवा दिसते, ईसीयू मिश्रण पातळ समजून पेट्रोल वाढवत जातो आणि शेवटी चेक इंजिनचा दिवा लागतो. हवेच्या तापमान सेन्सरला लावायचे स्वस्त 'बूस्टर' मिळतात. ते ईसीयूला हवा थंड असल्याचं खोटं सांगतात, पण ऑक्सिजन सेन्सर चालू असेतोवर ईसीयू ती वाढ परत काढून घेतो.

आवाजाचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स जातं. जुना सायलेन्सर भंगारात देऊ नका.

यवतेश्वर_उतार

वॉशर टाकला, हिसके गेले. प्लग कधी बघू?

जुना_प्लग (कराड)

दोनशे किलोमीटर चालवून, गाडी गार झाल्यावर. या इंजिनाला दोन प्लग आहेत, दोन्ही काढा. हल्लीच्या पेट्रोलला टोकावर रंग फारसा धरत नाही, चिनीमातीच्या मुळाशी आत बघा: फिकट तपकिरी कडा हवी. पांढराफेक असेल तर स्क्रू पाव फेरा बाहेर, कोरडी काजळी असेल तर पाव फेरा आत. एक पांढरा आणि एक काळा निघाला तर कार्बोरेटर सोडा, काळ्या प्लगची वायर, टोपी आणि कॉइल तपासा.