पिओनी: कुंडीतून जमिनीत

विषय: पिओनीला एकही कळी नाही

नमस्कार मंडळी,

बागेतल्या जाणत्यांना विचारायचं आहे. माझ्या कुंडीतल्या पिओनी या फुलझाडाला यंदा चौथं वर्ष लागलं. पानं इतकी तजेलदार की पाहुणे आधी तिच्याकडेच वळतात, पण कळी अजून एकदाही धरली नाही. ऊन दिवसभर आहे. दर वसंतात वरून दोन बोटं कंपोस्ट घालते. पहिले दोन हिवाळे गारठा लागू नये म्हणून कुंडी घरात घेतली होती, गेल्या वर्षी बाहेरच ठेवली. आता अंगण मिळालंय, तर जमिनीत लावावी म्हणते. या आठवड्यात काढू का? उन्हाळा भरात आहे आणि मुळं दुखावतील अशी धास्ती वाटते.

विषय: उत्तर: पिओनीला एकही कळी नाही

अगं, आत्ता मुळीच हात लावू नकोस. या दिवसांत ती पानांवाटे पोट भरतेय आणि पुढच्या वर्षीचे डोळे, म्हणजे मातीखालच्या गड्ड्यावरचे अंकुर, तयार करतेय. पानं पिवळी पडायला लागली, रात्री गार झाल्या की काढायची. उत्तर गोलार्धात सप्टेंबर-ऑक्टोबर, दक्षिणेकडच्या सभासदांनी मार्च-एप्रिल धरावा. तेव्हा माती अजून उबदार असते आणि बारीक पांढरी मुळं नव्याने फुटतात. जमीन गोठायच्या आधी सहा आठवडे तरी तिला मिळायला हवेत.

फूल का नाही याची दोन्ही कारणं तुझ्याच पत्रात आहेत. एक म्हणजे घरातले ते दोन हिवाळे. पिओनीला थंडी बाधत नाही, थंडी लागतेच. चार अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली काही आठवडे काढल्याशिवाय तिचे डोळे नीट जागे होत नाहीत. दुसरं कारण कंपोस्ट. ते वाईट नाही, पण दरवर्षी दोन बोटं वर चढवत गेलीस म्हणजे डोळे तेवढे खाली गेले. गड्ड्यावरचे ते गुलाबी डोळे मातीखाली ३ ते ५ सेंटीमीटरच असावेत. त्याहून खोल गेले की पानं अशीच दाट येतात आणि फूल रुसतं. म्हणून कुंडीत ज्या पातळीवर आहे त्याच पातळीवर जमिनीत लावायची, हा नेहमीचा नियम इथे चालत नाही. वरची माती बोटांनी बाजूला कर, डोळे शोध आणि तिथून मोज.

खड्डा दीड फूट खोल, तेवढाच रुंद. मुरलेलं खत तळाशी, मुळांना टेकू द्यायचं नाही. मोठ्या झाडाच्या सावलीत नको, आणि जिथे आधी जुनी पिओनी होती तिथेही नको. खड्ड्यावर आडवी काठी ठेवून डोळ्यांची पातळी बघायची. पाणी दिल्यावर भुसभुशीत माती खाली बसते आणि रोप तिच्याबरोबर खाली जातं, म्हणून आधी तळची माती पायाने दाबून घे. इथेच सगळे चुकतात. मीही चुकले होते, आणि त्या चुकीपायी माझी पाच वर्षं नुसती पानं बघण्यात गेली.

विषय: उत्तर: उत्तर: पिओनीला एकही कळी नाही

काकूंनी सांगितलं ते हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळून जाणाऱ्या पिओनीला लागू आहे. कुणाकडे झुडूप-पिओनी असेल, म्हणजे पानं गळाल्यावर लाकडी फांद्या उभ्या राहणारी, तर तिच्या फांद्या छाटू नका, आणि ती कलमी असली तर कलमाचा सांधा चांगला १० ते १५ सेंटीमीटर मातीखाली जाऊ द्या. दोन्ही प्रकारांचा संकर जपानमध्ये तोइची इतो यांनी १९४८ साली साधला. त्या संकरित जातींना आज 'इतो पिओनी' म्हणतात, त्या मात्र काकूंच्याच मापाने लावायच्या.

ज्यांच्याकडे फक्त बाल्कनी आहे त्यांनी निराश होऊ नये. कुंडी ४५-५० सेंटीमीटर रुंद आणि तेवढीच खोल घ्यावी, विटांवर ठेवावी, तळाची भोकं मोकळी ठेवावीत. हिवाळ्यात कुंडीतलं रोप थंडीपेक्षा साचलेल्या पाण्याने जास्त मरतं. आणि कळ्यांवर मुंग्या दिसल्या तर औषध मारू नका. त्या कळीबाहेरचा गोड रस प्यायला येतात. कळी उमलायला त्यांची गरज नसते आणि त्यांच्यामुळे ती बिघडतही नाही.

विषय: काढली!

काकू, काल काढली. तुमचं अगदी खरं निघालं. वरची माती उकरत गेले तर पहिला डोळा माझ्या चार बोटांखाली सापडला. करंगळीच्या टोकाएवढा, गुलाबी, ओलसर. एकूण सात डोळे मोजले. मुळं अंगठ्याएवढी जाड, आणि एक काढतानाच कटकन तुटलं, तेव्हा फार वाईट वाटलं. मग थोडा वेळ तशीच सावलीत ठेवली, तर मुळं जराशी मऊ पडली आणि खड्ड्यात नीट बसवता आली. काठी लावून तीनदा मोजलं. पाणी दिल्यावर खरंच एक बोट खाली गेली, लगेच उचलून पुन्हा बसवली. वाळलेली पानं जमिनीलगत कापली. त्यांवर करडी बुरशी होती, ती पानं कंपोस्टमध्ये टाकू का?

विषय: उत्तर: काढली!

मुळीच नको. बुरशी त्याच पानांतून पुढच्या वसंतात परत येते. पिशवीत बांधून बाहेर टाक. तुटलेल्या मुळाचं मनाला लावून घेऊ नकोस, टोक स्वच्छ कापलं असशील तर ते भरून येईल. आणि आता वर्षभर तिला हलवायचं नाही, उकरून बघायचं नाही. वर पाचोळा घालशील तर तो वसंतात वेळेवर काढ.

विषय: कोंब आले

काकू, पाच कोंब वर आलेत! गडद तांबडे, वर येताना मुठी मिटल्यासारखे. आज एकावर वाटाण्याएवढी कळीही दिसली. पहिल्या वर्षी कळी खुडावी असं कुठेसं वाचलं. इतक्या वर्षांनी आलेली पहिली कळी आहे, हात होत नाही. काय करू?

विषय: उत्तर: कोंब आले

जाणते लोक खुडायला सांगतात, कारण फुलाऐवजी ताकद मुळांना मिळते. दोन-तीन कळ्या असत्या तर मीही एक ठेवून बाकीच्या खुडायला सांगितलं असतं. पण एकच आहे आणि रोप जोमात दिसतंय, तर राहू दे. फुलू दे, दोन दिवस डोळे भरून बघ, आणि पाकळ्या गळायच्या आधी फक्त फुलाचं डोकं काप, बी धरू देऊ नकोस. दांडा आणि पानं थंडी पडेपर्यंत तशीच ठेव. फोटो मात्र सगळ्या मंडळाला पाठव.