रायटरमध्ये मराठी-कन्नड एकाच पानावर: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. खानापूरहून लिहितोय. गावच्या कमिटीची पत्रकं वर मराठी, खाली कन्नड अशी करतो. संगणकावर लिनक्स मिंट 22, लिहायला लिब्रेऑफिस रायटर, कीबोर्डची भाषा बदलायला आयबस. टायपिंग दोन्हींत नीट होतं, 'शेतकऱ्यांना'मधला ऱ्यसुद्धा. अडचण पुढे आहे. रायटर देवनागरी आणि कन्नड एकाच 'कॉम्प्लेक्स' (गुंतागुंतीच्या लिप्यांच्या) गटात धरतो, म्हणून दोन्हींना फॉन्ट आणि भाषा एकच. कन्नड ओळी बारीक अक्षरांत उमटतात, खाली स्पेलिंग चुकल्याच्या लाल रेघा. कन्नडसाठी नोटो सान्स कन्नड हा फॉन्ट लावून वेगळी परिच्छेद-स्टाइल (अख्ख्या परिच्छेदाला एकदम लागणारी मांडणी) केली, तेवढ्यापुरतं जमलं. पण एकाच ओळीत दोन्ही लिप्या आल्या (गावांची नावं तशीच लिहावी लागतात) की शब्द न् शब्द हातानं निवडायचा. विंडोजवर जायचं नाही. कीबोर्ड बदलताच फॉन्ट आणि भाषा आपोआप बदलेल असं सेटिंग किंवा मॅक्रो (रायटरमध्ये आपोआप काम करणारा छोटा प्रोग्राम) कुणी वापरतंय का?