रिन टिन टिनच्या आधी कोण?

मूकपटातला कुत्रा हिरो म्हटलं की सगळे रिन टिन टिनच सांगतात, त्याच्याआधी कुणी होतं का?

— होता ना, स्ट्राँगहार्ट! जर्मनीत पोलिसांच्या कामासाठी ट्रेन झालेला, १९२१ च्या 'द सायलेंट कॉल'ने अमेरिकेत स्टार झाला. माझा फेव्हरेट तोच.

— अजून मागे जा, १९०५, ब्रिटनमध्ये फिल्ममेकर सेसिल हेपवर्थच्या घरचा कुत्रा ब्लेअर, 'रेस्क्यूड बाय रोव्हर'मध्ये पळवलेलं बाळ शोधतो, आणि मागणी एवढी आली की प्रती काढून काढून मूळ निगेटिव्ह झिजली म्हणून अख्खी फिल्म दोनदा परत शूट केली! जेमतेम सहा-सात मिनिटांची आहे, नक्की बघा.

— रिन टिन टिनला कमी लेखू नका पण. १९१८ ला फ्रान्समध्ये, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जागेत ली डंकन या सैनिकाला सापडलेलं पिल्लू ते.