पणजोबांची जन्म-लग्न-मृत्यू नोंद हवी आहे (सातारा जिल्हा, १९००च्या आसपास)

वाडीकर_शोध
घराण्याची वंशावळ कागदपत्रांच्या आधारे लावायची आहे. पणजोबांचा जन्म अंदाजे १८९५ ते १९०५, मृत्यू १९५०च्या आगेमागे. गाव सातारा जिल्ह्यातली एक छोटी वाडी, जमीन अजून कुटुंबाच्या नावावर आहे. ग्रामपंचायतीत विचारलं तर १९७०च्या आधीचं आमच्याकडे काही नाही, असं उत्तर मिळालं. मग जुन्या नोंदी असतात कुठे? अर्जात काय लिहायचं? आणि लग्नाची नोंद मिळू शकते का?

दप्तरी
ग्रामपंचायतीचं उत्तर बरोबर आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९चा, महाराष्ट्रात तो लागू झाला १ एप्रिल १९७० पासून. त्याआधीच्या गावच्या नोंदी महसूल खात्याच्या दप्तरात शोधायच्या. वहीचं नाव गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंदवही. विदर्भात तिलाच सर्रास कोतवाल बुक म्हणतात. ती सापडायची जागा म्हणजे तहसील कार्यालयाची रेकॉर्ड रूम, म्हणजे अभिलेख कक्ष.

अर्ज नकलेसाठी करायचा, वर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. 'माझ्या पणजोबांचा जन्म दाखला मिळावा' असं अजिबात लिहू नका. दाखला देणं हे त्या कक्षाचं काम नाही, त्यामुळे अर्ज तिथेच अडतो. 'मौजे अमुक, तालुका तमुक, गाव नमुना १४, सन १८९४ ते १९०६, पाहणीसाठी उपलब्ध करून द्यावा व आढळलेल्या नोंदीची प्रमाणित नक्कल मिळावी' असं लिहा. वही, गाव आणि वर्षं नेमकी असली तर कारकुनाला कुठला गठ्ठा काढायचा ते कळतं.

वाडीचं नाव घालाल तर 'आढळ होत नाही' असा शेरा पडण्याची शक्यता मोठी. वाड्या आणि मजरे बहुतेकदा मूळ गावाच्या वहीत असतात. गावाला बुद्रुक-खुर्द असेल तर दोन्ही मागा. आणि तालुका आजचा नको, त्या काळचा शोधा. जिल्हे-तालुके फुटले तेव्हा सगळी दप्तरं नव्या ठिकाणी गेलीच असं नाही. साताऱ्यात आणखी एक भानगड आहे: गाव औंध किंवा फलटण संस्थानात होतं का ते आधी पाहा. ही संस्थानं १९४८ साली विलीन झाली. इंग्रजी मुलखातले नमुने तिथेही जसेच्या तसे असतील असं धरून चालू नका.

फेरफार_वाचक
वरचं सगळं मान्य, पण क्रम चुकतोय. जन्मापासून सुरुवात करू नका, मृत्यूपासून मागे या.

कारण साधं आहे. जन्माची वर्दी बारशाच्या आधी जायची, त्यामुळे नमुना १४ मध्ये बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख, इतकंच. म्हणजे पणजोबांचं नाव घेऊन जन्माच्या वहीत काहीच हाती लागत नाही. त्यांच्या वडिलांचं नाव माहीत हवं, आणि एकाच बापाला तीन-चार मुलगे असतील तर त्यांचा क्रमही.

हे दोन्ही जमिनीच्या कागदात सापडतं. आजचा सात-बारा काढा. नावांशेजारी वर्तुळात किंवा कंसात जे आकडे असतात ते फेरफार क्रमांक (फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद). ते एकेक करत मागे जा: संगणकीकृत सात-बारा, मग हस्तलिखित, त्याआधीची कडई पत्रकं. वारसाचा फेरफार हवा (गाव नमुना ६, वारस नोंदवही ६-क). त्यात 'अमुक हे मयत, वारस मुलगे अमुक, विधवा अमुक' असा मजकूर असतो. स्कॅन झालेले जुने फेरफार 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर पाहता येतात, पण सगळे जिल्हे तिथे नाहीत. नसतील तर पुन्हा तहसीलच.

तीन ठिकाणी माणसं हमखास फसतात.

फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. वारस कधीकधी आठ-दहा वर्षांनी लागतात. मजकुरात 'सुमारे पाच वर्षांपूर्वी मयत' असं असेल तर तिथून मागे मोजा आणि मृत्यूच्या वहीत दोन्ही बाजूंची दोन-तीन वर्षं जास्तीची तपासा.

नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. जमीन सगळ्या भावांची, नाव एकाचं. धाकटे भाऊ कागदावर नाहीत म्हणून ते नव्हतेच असा निष्कर्ष काढू नका.

आणि १९५६च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या फेरफारांत मुली बहुधा नसतात. पणजोबांच्या बहिणी या वाटेने सापडणार नाहीत.

वाडीकर_शोध
फेरफार मिळाले. त्यात पणजोबांच्या वडिलांचं नाव आहे आणि भावांची नावंही. पण नमुना १४ची पानं मोडीत आहेत. शिवाय एका नोंदीत 'शके १८२०' आहे आणि दुसऱ्या एका कागदावर 'फसली १३०८'. यातलं वर्ष कुठलं धरायचं?

मोडी_बाराखडी
दोन्ही एकच वर्ष आहे. शकात ७८ मिळवा, १८९८ येतं. शक चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदलतो, म्हणून नोंद जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची असेल तर ७९. फसली हे महसुलाचं साल, त्यात ५९० मिळवा, तेही १८९८. आपल्याकडचं फसली साल मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं. जानेवारी ते मे मधली तारीख असेल तर ५९१. मराठवाड्यातले वाचक असतील तर त्यांच्यासाठी: निजामी फसली आजूर महिन्यात, साधारण ६ ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे सांधा वेगळ्या ठिकाणी येतो. शिवाय तिथलं दप्तर बरंचसं उर्दूत.

तिथी असेल तर अधिक मास आणि निज (नेहमीचा) मास नीट पाहा. एकट्या 'श्रावण' शब्दावर तारीख ठरवलीत आणि त्या वर्षी श्रावण अधिक असला, तर महिनाभर चुकाल.

आता मोडी. अख्खी लिपी शिकून मग रजिस्टर उघडायची गरज नाही. रजिस्टरला रकाने असतात आणि तेच ते शब्द पानोपान येतात. गावचं नाव, तुमचं आडनाव, बापाचं नाव, एवढे तीन शब्द मोडीत लिहायचा सराव करा आणि तेच आकार पानावर शोधा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकाराचा भेद पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत. त्यामुळे एका शब्दाचा शेवट पुढच्याची सुरुवात वाटतो. आकडे देवनागरीच्या जवळचे असल्याने आधी तारखा लावून घ्या, मग नावांकडे वळा.

आडनाव नसेल तर घाबरू नका. 'रामा वलद सखाराम' किंवा 'रामा बिन सखाराम' म्हणजे सखारामचा मुलगा रामा. बाईच्या नावापुढे 'भ्रतार' किंवा 'कोम' आलं की पुढचं नाव नवऱ्याचं. गणपतीचा गणू, ज्ञानेश्वरचा ग्यानू झालेला असतो. पाटीलकी-कुलकर्णीपण असलेल्या घरांत वतनाचं नावच आडनावाच्या जागी बसतं.

नक्कल जात पडताळणीसारख्या सरकारी कामाला लागणार असेल तर घरगुती वाचन चालणार नाही. अधिकृत मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या. नुसत्या वंशावळीसाठी असेल तर मूळ पानाचा फोटो आणि शेजारी आपलं वाचन, एवढं ठेवा. चूक असली तर पुढचा माणूस दुरुस्त करू शकतो.

फेरफार_वाचक
एक राहिलं. थोरल्या मुलाची जन्मनोंद वडिलांच्या गावात सापडत नसेल तर आईच्या माहेरची वही मागवा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि नोंद जिथे जन्म झाला तिथे होते. शोध इथेच सगळ्यात जास्त अडकतो, आणि माणसं 'रेकॉर्ड जळालं असेल' म्हणून सोडून देतात.

दप्तरी
लग्नाचं उत्तर राहिलं होतं. १९२०च्या सुमाराच्या हिंदू लग्नाची सरकारी नोंद मिळेल ही आशा सोडा. मुंबई विवाह नोंदणी कायदाच मुळात १९५३चा. ख्रिस्ती, पारशी आणि १८७२च्या विशेष विवाह कायद्याखाली झालेली लग्नं यांची गोष्ट निराळी, त्यांची रजिस्टरं आहेत. चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याला आईबापांसोबत धर्मपित्याचं-धर्ममातेचंही नाव मिळतं, आणि ते पुष्कळदा नात्यातलंच असतं. मुसलमान कुटुंबांनी काझींकडची निकाहाची दप्तरं पाहावीत.

बाकीच्यांनी लग्नाचं वर्ष बाजूने काढायचं. पहिल्या मुलाचा जन्म ही एक मर्यादा. बाईचं नाव फेरफारात 'विधवा' म्हणून आलं की दुसरी. माहेरचं गाव हवं असेल तर तीर्थोपाध्यांच्या वह्या पाहा: नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर. त्या गाव आणि आडनावावरून लावलेल्या असतात, म्हणून जाताना मूळ गाव आणि कूळ पक्कं ठाऊक हवं. घराणं गावातून उठून आलेलं असेल तर आधीचं गावही सांगा. मात्र वहीतली तारीख यात्रेची असते, जन्माची किंवा मृत्यूची नाही. श्राद्धासाठी गेलेल्याने तिथे तीन पिढ्या सांगितलेल्या असतात, आणि सांगताना वरची पिढी चुकू शकते.

वाडीकर_शोध
शाळेचं रजिस्टर कितपत धरावं?

मोडी_बाराखडी
जनरल रजिस्टरचा प्रवेश-निर्गम उतारा जरूर काढा. वडिलांचं नाव, जात, राहण्याचं गाव या गोष्टींसाठी तो उत्तम. जन्मतारखेसाठी सावध राहा. १ जून दिसला की ती गुरुजींनी अंदाजाने घातलेली समजा. अशा वेळी वर्षातही एक-दोन वर्षांचा फरक धरा आणि नमुना १४ त्या पट्ट्यात चाळा.

आणि तहसीलला जायच्या आधी जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर एक नजर टाका. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी नमुना १४ आणि शाळांची रजिस्टरं जिल्ह्याजिल्ह्यांत तपासली गेली, आणि सापडलेली पानं स्कॅन करून तालुका-गावाप्रमाणे ठेवलेली आहेत. ज्या पानांवर तशी नोंद मिळाली तीच तिथे आहेत, अख्खी वही नाही. पण तुमच्या गावचं एखादं पान दिसलं तर ती वही शिल्लक आहे, एवढं पक्कं होतं. मग अर्जात त्याच वर्षाचा उल्लेख करा.